कमी आकडा म्हणजे निरोगी श्वासनलिका नव्हे

उच्छ्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजण्याची सोय आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांत झाली आहे. तिच्या आडून एक युक्तिवाद केला जातो. सिगारेट ओढणाऱ्याचा आकडा कमी येतो. सोडली की वाढतो. वाढलेला आकडा म्हणजे सूज. मग सिगारेटने सूज दबूनच राहते की! यातली पहिली दोन विधाने खरी आहेत, तिसरे अर्धेच खरे आहे आणि निष्कर्ष साफ खोटा आहे.

तपासणी साधी आहे. छातीभर श्वास घ्यायचा आणि नळीत सेकंदाला 50 मिलिलिटर अशा संथ गतीने सुमारे दहा सेकंद सोडायचा. जोर कमी-जास्त झाला की पडद्यावरची खूण रेषेबाहेर जाते आणि पुन्हा फुंकावे लागते. आकडा पीपीबीमध्ये, म्हणजे अब्जात किती भाग असा, येतो. मोठ्या माणसांत 25 च्या खाली तो कमी मानतात, 50 च्या वर जास्त. दम्यात हा वायू वाढतो हे स्वीडनमधल्या संशोधकांनी 1993 मध्ये दाखवले आणि तेव्हापासून ही दम्याची खूण ठरली. पण या खुणेत दिसते ती मुख्यतः ॲलर्जीच्या अंगाने येणारी, इओसिनोफिल पेशींची सूज. धुराने येणारी सूज बहुतांशी न्यूट्रोफिल पेशींची असते आणि तिचा पत्ता या यंत्राला लागत नाही. जे यंत्र ती सूज मोजतच नाही, त्याच्या आकड्यावरून ती नाही असे कसे म्हणणार?

मग ओढणाऱ्याचा आकडा का उतरतो? धुरातच नायट्रिक ऑक्साइड भरपूर असतो. तो सतत आत येत राहिल्याने शरीर स्वतःचा वायू कमी बनवते, असे मानले जाते. शिवाय धुरातले ऑक्सिडीकारक घटक बनलेला वायूही खाऊन टाकतात. आणि हा वायू काही नुसता टाकाऊ नाही. श्वासनलिकेच्या अस्तरावरचे केस कफ वर ढकलतात, त्या केसांच्या हालचालीला तो चालना देतो. जंतूंना अटकाव करण्यातही त्याचा वाटा आहे. म्हणजे ओढणाऱ्याचा कमी आकडा हे दुखण्याचेच लक्षण आहे. सोडल्यानंतर काही आठवड्यांत तो निरोगी माणसाच्या पातळीकडे चढू लागतो, तेव्हा दबलेले काम परत सुरू होत असते.

याला पुरावा फुप्फुसाच्या ताकदीचा. ग्लासगोत दमा असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांवर झालेला, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. सहा आठवड्यांत सोडणाऱ्यांची पहिल्या सेकंदात हवा सोडण्याची क्षमता, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, सरासरी 407 मिलिलिटरने सुधारली आणि बेडक्यातले न्यूट्रोफिल घटले. अभ्यास लहान होता, हे मान्य. पण अमेरिका-कॅनडातला ‘लंग हेल्थ स्टडी’ लहान नव्हता: सुमारे 5,900 माणसे आणि अकरा वर्षांचा पाठपुरावा. त्यात सिगारेट सोडलेल्या पुरुषांची हीच क्षमता वर्षाला सुमारे 30 मिलिलिटरने घटली, ओढणाऱ्यांची 66 ने. ‘आता नुकसान झालंच आहे, सोडून काय उपयोग’ म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. गेलेले सगळे परत येत नाही, हे खरे. पण जायचे अजून बाकी आहे ते वाचते, आणि पन्नाशीतल्या माणसाला जिना चढता येणार की नाही हे त्यावरच ठरते.

विरोधकांचे एक म्हणणे मात्र रास्त आहे. सोडल्यानंतर आकडा 50 च्या पुढे गेला तर ‘चांगलं लक्षण’ म्हणून तो सोडून देता येणार नाही. धुराने झाकलेला दमा उघडा पडलेला असू शकतो. त्याला फवारा लागेल, उपचार लागतील. विडी-सिगारेट पुन्हा धरणे हा त्यावरचा इलाज नव्हेच.

म्हणून या तपासणीच्या प्रत्येक रिपोर्टवर आकड्याशेजारी आणखी एक ओळ छापली पाहिजे: रुग्ण ओढतो का, किती, आणि सोडले असल्यास कधी. ती ओळ कोरी असेल तर डॉक्टरांनी कमी आकड्यावरून रुग्णाला ‘सूज नाही’ असे सांगू नये.