सुट्टीतले टेनिस : लेकालाही, लेकीलाही



भिवापूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मिरचीच्या सातऱ्यावरचे देठ खुडण्याचे काम संपले, मुलांच्या परीक्षाही संपल्या आणि दरवर्षीप्रमाणे दोन्ही मुले नानीकडे नागपूरला निघाली आहेत. मामूंच्या घराजवळ टेनिस क्लब आहे. तिथे उन्हाळ्यात महिनाभराचे शिबिर असते. मामू दोघांचीही नावे घालायला तयार आहेत. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी बारा वर्षांची. मुलाबद्दल घरात कुणाचीच हरकत नाही. मुलीबद्दल मात्र तिचे अब्बा म्हणाले, "ती आता मोठी झाली. नानीला मदत करेल, थोडे शिवणकाम शिकेल."

भगिनी पुढे लिहितात, "मुलगी काहीच बोलली नाही. भावाचे नवे बूट उचलून आपल्या पायाला लावून पाहिले आणि जागेवर ठेवून दिले. आता तुम्हीच सांगा, काय करू? शिवाय एवढ्या उन्हात मुलांना खेळायला पाठवावे तरी का?"

पत्रात प्रश्न दोन आहेत. उन्हाचा आधी घेऊ, कारण त्यात चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते.

आधी ऊन, मग खेळ

नागपूरचा मे महिना कसा असतो हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. त्यात टेनिसचे हार्ड कोर्ट काँक्रीट किंवा डांबराच्या थरावर रंगाचा लेप देऊन केलेले असते. दिवसभर तापलेले ते कोर्ट सूर्य मावळतीला गेल्यावरही खालून धग सोडत राहते. म्हणून जमेल तिथे सकाळचीच बॅच घ्यावी. मेच्या मध्यात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. मुलांनी फजर अदा करून थेट निघावे, सहाला कोर्टावर असावे आणि साडेसातला, फार तर आठला घरी परतावे. संध्याकाळचीच जागा मिळाली तर असर अदा करून जावे आणि पहिला अर्धा तास सावलीत हलका व्यायाम करवून घ्यायला प्रशिक्षकांना सांगावे.

शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिले चार-पाच दिवस मुलांनी निम्माच वेळ खेळावे. "पैसे भरले आहेत, पूर्ण वेळ खेळ," असा आग्रह धरू नये.

निघण्यापूर्वी दोन खजूर किंवा एक केळे आणि पेलाभर पाणी पुरे. भरल्या पोटी पळू नये. प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी आणि निदान एक लिटरची असावी. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्यावेत. घरी आल्यावर कैरीचे पन्हे किंवा मीठ घातलेले ताक उत्तम. ओआरएसचे पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा, आणि माप चुकवू नये. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडले, ही आयांसाठी सोपी खूण.

डोके दुखणे, चक्कर, मळमळ किंवा पायात गोळे आले की खेळ तिथेच थांबवावा. मूल असंबद्ध बोलू लागले किंवा अंग भाजत असताना गुंगीत जाऊ लागले तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी टाकून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नये.

शिबिर पाहून घ्या

नागपुरात रामनगरला जिल्हा हार्ड कोर्ट टेनिस असोसिएशनची कोर्टे आहेत. मानकापूरला विभागीय क्रीडा संकुल आहे. तिथे यंदा कोणकोणत्या खेळांची उन्हाळी शिबिरे आहेत, याची चौकशी करता येते. काही क्लब फक्त सभासदांच्या मुलांना घेतात, ते आधीच विचारून घ्यावे. मामूंनी नाव घालण्यापूर्वी एक सकाळ जाऊन बाकावर बसावे आणि चार गोष्टी पाहाव्यात. एका प्रशिक्षकाकडे किती मुले आहेत? सावली, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आहे का? लहान मुलांना लहान कोर्ट आणि मऊ चेंडू देतात का? आणि चुकलेल्या मुलावर प्रशिक्षक ओरडतात की जवळ जाऊन दाखवतात?

मऊ चेंडूचे महत्त्व पुष्कळांना माहीत नसते. मुलांसाठी तीन प्रकारचे चेंडू असतात. लाल चेंडू सर्वांत संथ, नारिंगी नेहमीच्या चेंडूच्या साधारण निम्म्या वेगाचा आणि हिरवा ठिपका असलेला त्याहून थोडा जलद. पूर्ण कोर्ट २३.७७ मीटर लांब असते. दहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी पिवळा चेंडू देऊन त्यावर उभे केले तर त्याचा सारा वेळ चेंडू वेचण्यात जातो.

रॅकेट विकत घेण्याची घाई करू नये. बहुतेक शिबिरांत ती वापरायला मिळते. घ्यायचीच तर दहा वर्षांच्या मुलाला २५ इंची आणि बारा वर्षांच्या मुलीला २६ इंची साधारणपणे बरोबर बसते. "पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून मोठ्यांची २७ इंची रॅकेट हातात दिली तर मनगट आणि कोपर दुखते. पैसे खर्च करायचे असतील तर बुटांवर करावेत. धावण्याच्या बुटांचे तळ उंच आणि मऊ असतात, आडवे पळताना त्यात पाय मुरगळतो. सपाट तळाचे, बाजूंनी घट्ट आणि कोर्टावर डाग न पाडणारे बूट हवेत. आणि दोघांना दोन जोड हवेत.

कोर्टावर काय लक्षात ठेवावे

टेनिसचा चेंडू आपल्या मोहल्ल्याला नवा नाही, आपली पोरे त्यानेच क्रिकेट खेळतात. अडचण नेमकी तिथेच येते. क्रिकेटची सवय असलेला मुलगा पहिला आठवडाभर प्रत्येक चेंडू सिक्सर मारल्यासारखा कुंपणाबाहेर घालवतो. त्याला सांगावे, पहिल्या महिन्यात जोर नको, मोजणी हवी. समोरच्यासोबत मिळून न चुकता दहा वेळा चेंडू जाळ्यापलीकडे गेला पाहिजे. दहा झाले की वीस.

सुरुवातीला रॅकेट मुसाफा करताना हात पुढे करतो तशी धरावी, फार आवळू नये. चेंडू येताना दिसला की आधी खांदा वळवावा, मग पाय हलवावेत. चेंडू शरीराच्या पुढे असतानाच त्याला गाठावे आणि रॅकेट खालून वर न्यावी, म्हणजे तो जाळ्यावरून जाऊन आत पडतो. समोरचा चेंडू मारण्याच्या क्षणी जागेवर एक छोटी उडी घ्यावी. मोठे खेळाडूही दर फटक्याला हेच करतात, त्यामुळे दोन्ही दिशांना निघायला पाय तयार असतात.

कुठे मारावे हे कळेनासे झाले की तिरपे मारावे. त्याला कारण आहे. जाळे खांबांजवळ १०७ सेंटिमीटर उंच असते आणि मध्यभागी ९१.४. तिरपा चेंडू बुटक्या भागावरून जातो. शिवाय एकेरीच्या कोर्टात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर सरळ लांबीपेक्षा सुमारे १.४ मीटर जास्त भरते, म्हणजे चूक सामावून घ्यायला जागाही जास्त मिळते.

रेषेवरचा चेंडू

या खेळातली एक रीत आम्हाला फार मोलाची वाटते. क्लबमधल्या साध्या सामन्यात पंच नसतो. चेंडू ज्याच्या बाजूला पडला, आत की बाहेर हे त्यानेच सांगायचे. चेंडूचा थोडासा भाग रेषेला लागला तरी तो आत. आणि नीट दिसले नाही, शंका राहिली, तर चेंडू आत धरून गुण समोरच्याला द्यायचा.

म्हणजे हरत असलेल्या दहा वर्षांच्या मुलाला भर कोर्टावर स्वतःच्या विरुद्ध खरे बोलावे लागते, आणि तेही दिवसातून कित्येकदा. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत इन्साफासाठी स्वतःविरुद्धही साक्ष देण्याचा आदेश आहे. तो आपण मुलांना शिकवतो, पण त्याचा सराव करायला जागा कुठे असते? इथे ती मिळते. संध्याकाळी "आज जिंकलास का?" असे विचारण्याआधी "आज रेषेवरचा चेंडू आला होता का? काय सांगितलेस?" असे विचारून पाहावे.

आणि मुलगी

आता पहिला प्रश्न. आमचे उत्तर सरळ आहे. पाठवायचे तर दोघांना पाठवा.

अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहात एक प्रसंग आहे. प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली आणि त्या पुढे गेल्या. काही काळाने पुन्हा शर्यत झाली तेव्हा प्रेषित (स.) पुढे गेले आणि मागची परतफेड झाली, असे त्यांनी गमतीने म्हटले. ज्या घराकडे आपण आदर्श म्हणून पाहतो, त्या घरात स्त्रीचे धावणे ही लपवण्याची गोष्ट नव्हती.

दुसरा प्रसंग बुखारी यांच्या संग्रहातला. हजरत नुमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि प्रेषित (स.) यांना साक्षीदार व्हायची विनंती केली. प्रेषित (स.) यांनी विचारले, सगळ्या मुलांना असेच दिले आहे का? नाही, असे उत्तर आल्यावर अल्लाहचे भय बाळगून मुलांमध्ये न्याय करण्याची ताकीद त्यांनी दिली. महिन्याभराच्या सकाळी हीसुद्धा भेटच आहे. स्वयंपाक आणि शिवणकाम जरूर शिकावे, पण मग ते भावानेही शिकावे आणि दिवसाच्या उरलेल्या वेळात शिकावे.

अब्बांची काळजी आम्ही हलकी मानत नाही. पोशाखाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. पूर्ण पँट, पूर्ण बाह्यांचा सैल, फिक्या रंगाचा सुती शर्ट आणि टाचणीशिवाय नीट खोचलेला पातळ स्कार्फ घालून छान खेळता येते, वर ऊनही कमी लागते. २०१९ पासून महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांतही स्कर्टशिवाय लेगिंग्ज घालून खेळण्याची नियमाने मोकळीक आहे. क्लबचा काही वेगळा नियम आहे का, मुलींची वेगळी बॅच किंवा महिला प्रशिक्षक आहे का, हे आधीच विचारावे. मामू किंवा नानी बाकावर बसू शकत असतील तर फारच चांगले. अब्बांनीही एक दिवस नागपूरला जाऊन लेकीचा खेळ पाहावा.

मुंबईत जन्मलेल्या आणि हैदराबादला वाढलेल्या सानिया मिर्झाला तिचे वडील इम्रान मिर्झा यांनी तयार केले. कपड्यांवरून टीका झाली तेव्हाही घर पाठीशी राहिले. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिल्या स्थानी पोहोचली आणि तिने एकूण सहा ग्रँड स्लॅम किताब जिंकले. ट्युनिशियाच्या ऑन्स जाबूरला लहानपणी तिच्या आईने टेनिस कोर्टावर नेले. २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षे ती विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात खेळली. आपली प्रत्येक मुलगी सानिया होणार नाही, व्हायची गरजही नाही. बारा-तेराव्या वर्षी आपल्या मुलींचे मैदान सुटते आणि पुन्हा मिळत नाही. पुढे तिशीत गुडघे आणि कंबर धरून त्या दवाखान्यात बसतात. ते टळले तरी पुष्कळ झाले.

जूनमध्ये भिवापूरला परतल्यावर

नागपूर तिथून पासष्ट-सत्तर किलोमीटर. रोजचे कोर्ट शक्य नाही. पण टेनिसला एक सोबती सगळीकडे मिळतो, तो म्हणजे भिंत. शाळेच्या किंवा घराच्या मागच्या भिंतीवर जमिनीपासून ९१ सेंटिमीटरवर खडूने रेषा ओढावी आणि तिच्या वर चेंडू मारत राहावे. पटांगणात दोन खांबांना दोरी बांधली की भाऊ-बहीण समोरासमोर खेळू शकतात. सकाळी वीस मिनिटे पुरेत. मोहल्ल्यातली आणखी चार मुले आली तर त्यांनाही घ्यावे, मुलींना आधी.

भगिनी, मुलांच्या अब्बांना हे पान वाचायला द्या. आणि बुटांचा दुसरा जोड घ्यायला विसरू नका. माप घरात घेऊन झालेच आहे. सुट्टी संपल्यावर भावाबहिणीत कोण जिंकले ते आम्हाला जरूर कळवा. अल्लाह तुमच्या दोन्ही मुलांना आरोग्य आणि सचोटी देवो. आमीन.