मदत करा, पण मान वळवून

शिष्यवृत्तीचा अर्ज, पेन्शनची चौकशी, जातीचा दाखला अशा कामांसाठी वस्तीतली माणसे वाचनालयातल्या संगणकापाशी येतात. मदत करणाऱ्या तरुण मित्रांनो, आमचे सांगणे एवढेच: माऊस मावशींच्याच हाती द्या. त्या पासवर्ड टाकतील तेव्हा मान वळवा. ओटीपी मोठ्याने वाचू नका. आधारची प्रत छापून झाली की फाइल पुसा, रिसायकल बिनही रिकामी करा. लॉगआउट झाल्याशिवाय मावशींना उठू देऊ नका. अर्ज कशाचा होता, हे नाक्यावर बोलू नका. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. विधवा पेन्शनचा अर्ज भरणाऱ्या मावशींचाही तो आहे.