Explainer : घरचे मॉनिटर स्पीकर मिक्सरच्या ‘मास्टर’ला नव्हे, ‘बूथ’ला जोडा!

आपल्याकडे ‘डीजे’ म्हटलं की ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. पण शिकणारा डीजे सराव करतो तो घरातल्या खोलीत, टेबलावरच्या दोन स्टुडिओ मॉनिटरवर. कोणता मॉनिटर घ्यावा, यावर भरपूर चर्चा होते. तो मिक्सरला कुठे आणि कोणत्या केबलनं जोडायचा, हा प्रश्न मात्र मागे राहतो. आमच्या मते, आवाजाच्या सवयी तिथेच बनतात किंवा बिघडतात.

मास्टर आणि बूथमध्ये फरक काय?

पायोनियर डीजेच्या डीजेएम-९००एनएक्सएस२ या क्लबमध्ये दिसणाऱ्या मिक्सरचं उदाहरण घेऊ. त्याच्या मागे मास्टर आउटपुट एक्सएलआर आणि आरसीए अशा दोन प्रकारांत, तर बूथ आउटपुट टीआरएस प्रकारात मिळतं. मास्टरचा आवाज प्रेक्षकांच्या सिस्टिमला जातो. बूथचा आवाज डीजेच्या स्वतःच्या स्पीकरला जातो आणि त्याचा नॉबही वेगळा असतो.

घरी प्रेक्षक नसतात, मग मास्टरला जोडलं तर बिघडलं कुठे? आवाज येईलच. पण खोलीतला आवाज कमी-जास्त करायला हात दरवेळी मास्टरच्या नॉबकडे जाईल. तीच सवय स्टेजवर गेली, तर स्वतःला नीट ऐकू येण्यासाठी मास्टर वाढवला जातो आणि समोरच्या लोकांच्या कानठळ्या बसतात. म्हणून मास्टरची लेव्हल एकदा ठरवा आणि खोलीतला आवाज बूथच्या नॉबनं सांभाळा.

केबल कोणती?

यामाहा एचएस५ सारख्या मॉनिटरमध्ये अँप्लिफायर आतच असतो, वेगळा लागत नाही. त्याच्या मागे एक्सएलआर आणि टीआरएस इनपुट आहेत, आरसीए नाही. त्यामुळे बूथमधून डाव्या-उजव्या मॉनिटरला एकेक टीआरएस केबल लावली की काम झालं. ही जोडणी ‘बॅलन्स्ड’ असते. एकच सिग्नल दोन तारांतून जातो, त्यातल्या एकीत उलटा. मॉनिटर दोन्हींतला फरक घेतो, त्यामुळे वाटेत दोन्ही तारांत सारखीच शिरलेली घरघर गळून पडते.

डीडीजे-एफएलएक्स४ सारख्या छोट्या कंट्रोलरला बूथ नसतो, मास्टरही फक्त आरसीए असतो. तिथे आरसीए ते ६.३५ मिमी मोनो जॅक अशा दोन केबल घ्या. अंतर एक-दोन मीटरच ठेवा आणि खोलीतला आवाज मॉनिटरच्या मागच्या नॉबवर ठरवा.

हेडफोनच्या जॅकमधून जोडलं तर?

जॅक सारखाच दिसतो, म्हणून हेडफोन आउटपुटमधून थेट टीआरएस केबल लावली जाते. हे टाळा. हेडफोनच्या जॅकमध्ये डावा आणि उजवा असे दोन आवाज असतात. बॅलन्स्ड इनपुट त्यांची वजाबाकी करतो. दोन्हीकडे सारखा असलेला आवाज, म्हणजे बहुतेक वेळा गायकाचा गळा आणि बेस, गायब होतो. मग दोष स्पीकरला दिला जातो.

हे लक्षात ठेवा

• आधी मिक्सर सुरू करा, मॉनिटर शेवटी. बंद करताना उलट, आधी मॉनिटर. नाहीतर ‘धप्प’ असा झटका थेट स्पीकरला बसतो.

• मिक्सरच्या मीटरवर लाल दिवा लागू देऊ नका. तिथे फाटलेला आवाज पुढे कुठलाही मॉनिटर दुरुस्त करू शकत नाही.

• मास्टरच्या एक्सएलआरला फँटम पॉवर देणारं उपकरण जोडू नका.

बेस कमी वाटतोय?

एचएस५ चा ५ इंची वूफर साधारण ५४ हर्ट्‌झपर्यंतच उतरतो. घरी बेस कमी वाटला म्हणून मिक्सरवर वाढवला, तर मोठ्या सिस्टिमवर तोच बेस भिंती हादरवतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा आहे. ती पाळण्याचं भान मिरवणुकीच्या दिवशी अचानक येत नाही. ते घरच्या टेबलावरच यायला हवं.

त्यामुळे मोठ्या मॉनिटरसाठी पैसे जमवण्याआधी दोन चांगल्या केबल घ्या, बूथला जोडा आणि कमी आवाजात ऐकायला शिका. चांगला डीजे आधी कानानं घडतो.