पडद्यावरील क्रमांक आणि प्रेक्षकाचा हक्क

दूरचित्रवाणीच्या पडद्याच्या तळाशी एखादा दूरध्वनी क्रमांक झळकतो, निवेदक तो दोनदा वाचून दाखवितो, आणि तेवढ्याने, आजवर केवळ पाहण्याचे व ऐकण्याचे काम करीत आलेल्या माणसाला आता आपल्यालाही बोलण्याची मुभा मिळाली असे वाटू लागते. हे वाटणे गैर नाही. परंतु ते सार्थ करण्याची जबाबदारी क्रमांक देणाऱ्यावर येते, आणि ती कितपत पाळली गेली याची शहानिशा या सदरातून करणे मला अगत्याचे वाटते.

पत्रांच्या काळी हा व्यवहार मंद होता, पण स्वच्छ होता. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांनी दूरदर्शनवर लोकप्रिय केलेल्या, प्रेक्षकांना प्रश्न विचारणाऱ्या ‘सुरभि’ या कार्यक्रमाकडे १९९३ साली एका आठवड्यात १४ लाखांवर पत्रे आली, आणि अशा स्पर्धांचा भार असह्य होऊन टपाल खात्याला, १५ पैशांचे साधे पोस्टकार्ड बाजूला ठेवून, उत्तरांसाठी २ रुपयांचे निराळे स्पर्धा-कार्ड काढावे लागले. प्रेक्षकाच्या खिशाला त्याने तोशीस लागली हे खरे. परंतु ते मूल्य उघड होते, ते टपाल खात्याच्या तिजोरीत जमा होत असे, आणि प्रश्न विचारणाऱ्या निर्मात्याचा त्यात छदामही नव्हता. प्रश्न विचारणारा एक आणि उत्तराचे शुल्क घेणारा दुसरा, ही त्या व्यवस्थेची खरी शुचिता होती. पुढे जे बिघडले ते हे दोघे एक झाल्यामुळे बिघडले.

दूरध्वनी घरोघरी आला तेव्हाही आरंभी ही शुचिता टिकून होती. सह्याद्री वाहिनीवरील ‘हॅलो डॉक्टर’ किंवा ‘हॅलो सखी’ यांसारख्या कार्यक्रमांत, एखाद्या आडगावच्या बाईने, जी व्यथा घरातल्या माणसांपुढेही कधी उच्चारली नसेल ती, तज्ज्ञापुढे आपल्या बोलीत मांडावी आणि त्याच विवंचनेत असलेल्या इतर असंख्य स्त्रियांनी ते उत्तर आपापल्या घरी बसून ऐकावे, ही या माध्यमाची सर्वांत उदात्त सेवा मी मानतो. शेतकऱ्याला त्याच्याच भाषेत सल्ला देणारे, २००४ साली सुरू झालेले किसान कॉल सेंटर, किंवा १९९६ साली मुंबईत प्रारंभ होऊन पुढे देशभर पसरलेली बालकांसाठीची १०९८ ही सेवा, यांचे क्रमांक पडद्यावर येतात तेव्हा ते खऱ्याखुऱ्या आधाराचे दार दाखवितात. तेथे हाक मारणाऱ्याकडून काही वसूल करण्याचा हेतू नसतो.

या प्रवाहाला निराळे वळण दिले ते मोबाइलवरील संदेशांनी. ‘कौन बनेगा करोडपती’च्या २००७ सालच्या, शाहरुख खान यांनी सादर केलेल्या पर्वात ‘हर सीट हॉट सीट’ नावाची स्पर्धा होती. घरबसल्या प्रेक्षकाने चार पर्यायांतून उत्तर निवडून संदेश पाठवावा आणि अचूक उत्तरे देणाऱ्यांतून एकाची निवड होऊन त्याला प्रत्येक भागागणिक २ लाख रुपये मिळावेत, अशी तिची रचना. एका संदेशाला २ रुपये ४० पैसे पडत, आणि असे सुमारे ५ कोटी ८० लाख संदेश आले. म्हणजे प्रेक्षकांनी मोजलेली रक्कम १३ कोटी ९० लाखांच्या घरात गेली. प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे गेले, आयोगाने २००८ साली वाहिनी आणि दूरसंचार कंपनी यांच्यावर १ कोटी रुपयांचा दंडात्मक भार ठेवला, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने, बक्षिसाची रक्कम या संदेशांच्या उत्पन्नातूनच दिली गेली असे सिद्ध करणारा पुरावा नाही या कारणास्तव, तो आदेश रद्द केला. न्यायालयाचा निर्णय शिरसावंद्य आहे, आणि त्या कंपन्यांवर अनुचित व्यापाराचा ठपका राहिला नाही हेही निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. तथापि पुरावा नाही असे म्हणण्याची वेळ यावी, याचाच अर्थ असा की जमाखर्चाचा तपशील प्रेक्षकापुढे कधी मांडलाच गेला नव्हता, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे.

गायनस्पर्धांतील मतदानाने तर या व्यवहारात भावनेचाही प्रवेश झाला. २००७ सालच्या ‘इंडियन आयडॉल’च्या अंतिम फेरीत दार्जिलिंगचा प्रशांत तामांग आणि शिलाँगचा अमित पॉल समोरासमोर आले, तेव्हा डोंगराळ मुलखातील लोकांनी वर्गण्या गोळा करून संदेश पाठविले, तामांग विजयी झाला, त्या विजयानंतरच्या एका अनुदार शेरेबाजीवरून सिलिगुडीत दंगल उसळली, आणि त्याच्या पाठीराख्यांच्या संघटनातून पुढे आलेल्या बिमल गुरुंग यांनी त्याच ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना केली. उपेक्षित समाजाला आपला माणूस दिसावा यासाठी तो पदरमोड करतो, यात त्या समाजाचा दोष तिळमात्र नाही. परंतु एकाच माणसाला हवी तितकी मते सशुल्क देता येतात, तेथे कलेची परीक्षा होत नसून निष्ठेची आणि ऐपतीची होते, आणि जितकी चुरस तीव्र तितकी प्राप्ती अधिक असल्यामुळे, ही निष्ठा शमविण्यापेक्षा चेतविण्यात आयोजकाचा स्वार्थ गुंततो.

हा दोष आपल्याच देशाचा आहे असे नव्हे. ब्रिटनमध्ये २००७ साली उघडकीस आले की, सकाळच्या एका प्रसिद्ध कार्यक्रमातील विजेते दूरध्वनीची मुदत संपण्यापूर्वीच निवडले जात असत आणि त्यानंतरही लोकांना पैसे भरून दूरध्वनी करू दिले जात असत. त्याबद्दल तो कार्यक्रम दाखविणाऱ्या जीएमटीव्हीला २० लाख पौंडांचा, तर अशाच गैरप्रकारांबद्दल पुढल्या वर्षी आयटीव्हीला ५६ लाख ७५ हजार पौंडांचा दंड झाला. बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात, यंत्रणा बिघडल्यावर स्टुडिओत आलेल्या एका मुलीलाच विजेती म्हणून बोलावयास लावल्याबद्दल त्या संस्थेलाही दंड भरावा लागला. परंतु तेथील नियामक ऑफकॉम दंडापाशी थांबले नाही; सशुल्क स्पर्धा व मतदान यांची त्रयस्थाकडून पडताळणी झालीच पाहिजे, अशी अट त्याने परवान्यातच घातली.

आता सशुल्क संदेश मागे पडून त्यांची जागा मिस्ड कॉलने आणि वाहिन्यांच्या अ‍ॅपने घेतली आहे, आणि प्रेक्षकाला वाटते की आता सर्व विनामूल्य झाले. वस्तुतः नाव, क्रमांक, वय आणि आवडीनिवडी हेच आता मूल्य झाले असून, जे मूल्य डोळ्यांना दिसत नाही त्याचा हिशेब मागणे अधिकच दुष्कर असते. शिवाय कार्यक्रमाचा फोन आला म्हणजे भाग्य उघडले, हा जो विश्वास इतक्या वर्षांत रुजला, त्याच विश्वासावर आज भामटे पोसले जात आहेत. ‘करोडपती’च्या नावाने २५ लाखांची लॉटरी लागल्याचे बनावट संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून त्यांनी कित्येक भोळ्या कुटुंबांना नागविले आहे.

सबब, माझ्या मागण्या तीन आहेत. क्रमांक ज्या आकाराच्या अक्षरांत दाखविला जातो त्याच आकारात त्याचे शुल्क, आणि शुल्क नसेल तर घेतल्या जाणाऱ्या माहितीचा विनियोग, पडद्यावर दाखविला जावा. मतांची संख्या आणि जमा झालेली रक्कम त्रयस्थ लेखापरीक्षकाच्या सहीने जाहीर व्हावी. आणि स्पर्धा आटोपल्यावर प्रेक्षकांचे क्रमांक दफ्तरातून पुसले जावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ज्या हेतूसाठी संमती दिली त्या हेतूपुरताच माहितीचा वापर मान्य केला आहे, त्याची अंमलबजावणी या क्षेत्रातही काटेकोरपणे व्हावी.

वाचकांना एवढीच विनंती की, क्रमांक फिरविण्यापूर्वी त्याची किंमत आणि त्याचा धनी कोण, हे विचारा. बक्षीस लागल्याचा अनाहूत संदेश आला तर एक पैसाही पाठवू नका, आणि फसवणूक झालीच तर लाजेखातर गप्प न राहता तत्काळ १९३० या शासकीय क्रमांकावर तक्रार नोंदवा.