दोन हजारांत सूर पूर्ण ऐकू येतो

गाण्याची आवड असलेल्या चार जणांत इअरफोनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: खरं ऐकायचं असेल तर दहा-पंधरा हजारांच्या खाली बघूच नका. हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की समोरचा गप्प होतो. गप्प होणाऱ्यांत बहुतेक विद्यार्थी असतात, क्लासची फी आणि तबल्याच्या साथीचे पैसे कसेबसे भरणारे. आपल्याला गाणं अर्धंच ऐकू येतंय, आणि पूर्ण ऐकायची आपली ऐपत नाही, अशी समजूत करून घेऊन ते घरी जातात. ही समजूत खोटी आहे. आज दोन हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळणारा नीट जुळवलेला वायरचा इअरफोन ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, काहीही गांभीर्यानं ऐकायला पुरेसा आहे.

किंमत आणि आवाज यांचा संबंध तपासून पाहिला गेला आहे. येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २०१७ साली अमेरिकेच्या अकूस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात २८३ हेडफोनांची मोजमापं होती. डोक्यावर घालायचे होते, कानात घालायचेही होते. खर्जापासून वरच्या टोकापर्यंत कोणती कंपनसंख्या किती जोरात वाजते याचा प्रत्येकाचा आलेख त्यानं किमतीशी ताडून पाहिला. संबंध सापडला नाही, आणि निबंधाच्या शीर्षकातच त्यानं तसं लिहिलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की आलेख म्हणजे संगीत नव्हे. बरोबर आहे. पण श्रोत्यांना कोणता आवाज आवडतो याची पाहणी शॉन ऑलिव्ह आणि हार्मन या ऑडिओ कंपनीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं केली. कोणता हेडफोन वाजतोय हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही, फक्त आवाजाला गुण द्यायचे, अशी ती पद्धत. नाव आणि किंमत दिसेनाशी झाल्यावर बहुतेकांची आवड एकाच दिशेला गेली आणि तिचा अंदाज आलेखावरून बऱ्याच अंशी बांधता आला. म्हणजे कानाला गोड काय लागतं आणि यंत्र काय मोजतं, यांत मानतात तेवढी फारकत नाही.

मग आवाजाची प्रत ठरते कशावर? माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. उघड्या कानात ही नळी आणि कानाची पाळी मिळून ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज दहा डेसिबलहून अधिक उचलून पडद्यापर्यंत पोचवतात. शब्दांची स्पष्टता आणि गळ्याची धार याच भागात असते. इअरफोननं नळीचं तोंड बंद केलं की ही नैसर्गिक उचल बिघडते, म्हणून ती इअरफोनच्या आवाजातच भरून काढावी लागते. जागा चुकली तर बाईचा आवाज नाकात बोलल्यासारखा येतो, प्रमाण वाढलं तर तोच आवाज टोचायला लागतो. ट्यूनिंग म्हणतात ते हेच. मीड किलियन यांच्या एटिमोटिक कंपनीनं १९९१ साली ईआर-४ बाजारात आणला तो याच हिशेबावर, आणि तो तेव्हा तीनशे डॉलरच्या वर विकला जायचा. तो हिशेब आता कोणाची मक्तेदारी राहिलेला नाही.

ही स्वस्ताई कुठून आली, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण ‘एवढ्या कमी पैशांत चांगलं असूच कसं शकेल’ हा संशय त्याशिवाय जात नाही. लाउडस्पीकरला खोलीभर हवा हलवावी लागते. त्यासाठी मोठं चुंबक लागतं, भक्कम पेटी लागते, दणकट अँप्लिफायर लागतो, आणि या सगळ्याचे पैसे पडतातच. कानात बसणाऱ्या इअरफोनला बंद पोकळीतली एक-दोन घनसेंटिमीटर हवा हलवायची असते. दहा मिलिमीटरचा पडदा, बोटाच्या पेरावर मावेल एवढं चुंबक आणि केसासारख्या तारेची गुंडाळी इतक्यावर ते काम होतं. पडदा फारच थोडा हलतो, त्यामुळे त्याची विकृतीही थोडी. खरी किंमत असते ती जुळवणी करणाऱ्याच्या ज्ञानाची आणि मोजमापाच्या साधनांची. मानवी कानाची नक्कल करणारा प्रमाणित कपलर एके काळी मोठ्या प्रयोगशाळांनाच परवडायचा. चीनमध्ये त्याच्या स्वस्त प्रतिकृती निघाल्या आणि छोट्या कंपन्याही प्रत्येक नमुना मोजून सुधारू लागल्या. २०२२ साली चेंगडूच्या मूनड्रॉपनं ‘चू’ आणि सेव्हनहर्ट्झनं ‘सॅल्नोट्स झीरो’ आणला, दोन्ही वीस डॉलरच्या आसपास. यांचे आलेख दहापट किमतीच्या इअरफोनांशेजारी ठेवले तर लाज वाटावी असं त्यांत काही नाही. पहिल्या ‘चू’ची वायर कायमची जोडलेली होती, २०२३च्या दुसऱ्या आवृत्तीत ती सुटी झाली, म्हणजे वायर तुटली तर तेवढीच बदलता येते.

महाग विकण्यासाठी पुढे केल्या जाणाऱ्या बाकीच्या गोष्टी लवकर उरकता येतात. एका कानात चार, सहा, आठ ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, असण्यानं आवाज आपोआप सुधारत नाही. ते एकमेकांशी जुळवणं उलट अवघड होतं आणि नीट जुळवलेला एकच ड्रायव्हर अशा गर्दीला सहज मागे टाकतो. वायर तांब्याची की चांदीची, याचा सव्वा मीटर लांबीवर आवाजाशी काही संबंध नाही. ‘हाय-रेझ’च्या सोनेरी चिकटपट्टीबद्दल थोडं सांगायला हवं. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ साली एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सीडीहून वरच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण सरळ वाजवायचं, मग तेच सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या दर्जावर उतरवून वाजवायचं, आणि श्रोत्यांनी फरक ओळखायचा. ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरं २७६ आली. नाणं उडवूनही एवढीच आली असती.

आता माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा आक्षेप. जाणकार म्हणतात, पॉप गाण्यांना स्वस्त चालेल, पण आपलं शास्त्रीय संगीत सूक्ष्म आहे. कणस्वर, मींड, श्रुतींची नजाकत स्वस्त यंत्रात हरवते. हा आक्षेप आदरानं ऐकावासा वाटतो, कारण तो गाण्याच्या प्रेमातून येतो. तरीही तो चुकीचा आहे. कण, मींड, आंदोलन या स्वराच्या उंचीच्या आणि काळाच्या गोष्टी आहेत. स्वराची उंची बदलण्याची ताकद इअरफोनच्या पडद्यात नसते, मग तो दोनशेचा असो की दोन लाखांचा. विद्युतलहर सेकंदाला जितक्या वेळा हेलकावते तितक्याच वेळा तो हलतो. कोमल गांधाराचं आंदोलन महागड्या इअरफोनात जिथे आहे तिथेच ते स्वस्तातही आहे. यंत्र बिघडवू शकतं ते स्वरातल्या कंपनांचं परस्परांतलं प्रमाण, म्हणजे पोत.

तो पोत बघायचा तर तानपुऱ्यापासून सुरुवात करावी. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झला असतो, मंद्र पंचम १०४च्या आसपास, आणि खर्जाची तार ६९वर. पण जवारी नीट लागलेली असली की त्या तारेतलं मूळ कंपन दुबळं असतं आणि त्याच्या पटीतली कंपनं जोरदार, काही हजार हर्ट्झपर्यंत पसरलेली. आपला कान त्या पटींवरून खर्ज ओळखतो. मिरजेत तानपुरा घडवणारे कारागीर घोडीवरच्या दोऱ्याशी एवढे झटतात ते या पटींसाठीच. म्हणून शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला हवा असतो मधला आणि वरचा-मधला भाग स्वच्छ, सलग, खड्डे नसलेला. नीट जुळवलेले स्वस्त इअरफोन नेमके याच भागात चांगले असतात. जवारीची झिलई, तबल्याच्या चाटेचा टणत्कार, संवादिनीच्या पट्टीबरोबर आत येणारा श्वास, तानेचा वेगळा वाजणारा दाणा, सगळं तिथे ऐकू येतं.

शिवाय आपण ऐकतो ते काय? बालगंधर्व आणि अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ गतीच्या तबकड्या, आकाशवाणीची मोनो ध्वनिमुद्रणं, मैफलीत कोणीतरी कॅसेटवर घेतलेला मारवा. १९२५च्या आधीच्या, कर्ण्यासमोर गाऊन घेतलेल्या तबकड्यांत साधारण २५० ते २५०० हर्ट्झच्या पलीकडे फारसं काही उतरतच नसे. जे खोबणीतच नाही ते पन्नास हजारांचा इअरफोनही निर्माण करू शकत नाही. त्या तबकड्यांतलं गाणं आजही अंगावर काटा आणतं, आणि त्याचं श्रेय गळ्याला आहे.

महाग इअरफोनांत काहीच नसतं असा माझा दावा नाही. वरच्या टोकाला अधिक गुळगुळीतपणा मिळतो, वाद्यं एकमेकांपासून थोडी मोकळी उभी राहतात, घडण उत्तम असते, डाव्या-उजव्या कानातला तोल नगामागून नग सारखा राहतो. स्वस्तात एखादा नग असमतोल निघू शकतो. म्हणून परत घेण्याची सोय असेल तिथूनच घ्यावा, आणि पहिल्याच दिवशी मोनो ध्वनिमुद्रण लावून गायक बरोबर मध्यावर उभा आहे ना, हे तपासावं. ज्याच्याकडे पैसे आहेत त्यानं महाग जरूर घ्यावा. पण पहिल्या दोन हजारांत जेवढं मिळतं त्याच्या मानानं पुढच्या वीस हजारांत मिळणारी भर फार लहान आहे.

दुसऱ्या टोकाचं मतही तितकंच घातक आहे: सगळे इअरफोन सारखेच, स्टेशनबाहेरचा दीडशेचा घ्या. स्वस्त म्हणजे सगळं चांगलं, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. त्या इअरफोनांत, आणि जाहिरातीत ‘बेस’चा गजर करणाऱ्या हजार-पंधराशेच्या कित्येक वायरलेस बड्समध्येही, खालचा भाग इतका फुगवलेला असतो की डग्ग्याचा घुमारा गायकाच्या अंगावर चढतो. खालचा मोठा आवाज वरच्या लहान आवाजाला झाकतो, हा कानाचाच धर्म आहे. परिणामी तानपुरा गडप होतो, शब्द पुसट होतात, आणि ऐकणारा आवाज वाढवत जातो. नवशिक्या विद्यार्थ्याचा कान अशा आवाजावर पोसला गेला, तर षड्ज तानपुऱ्यात विरघळला की नाही हे तो कशावरून ठरवणार?

वायरलेसच्या सोयीबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. चालताना, फोनवर बोलताना ती सोय मोठी आहे. पण दोन हजारांच्या बड्समध्ये ते पैसे बॅटरी, चिप, माइक आणि डबी यांत वाटले जातात; वायरवाल्यात ते सगळे आवाजाच्या वाट्याला येतात. शिवाय बड्समधली चिमुकली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, ती बदलून मिळत नाही, आणि आत ठीकठाक वाजणारा ड्रायव्हर असूनही सगळा संच कचऱ्यात जातो. रियाजाचं ध्वनिमुद्रण ऐकत त्याबरोबर गायचं असेल तर वायरलेसमधला आवाजाचा विलंबही आड येतो. आयफोन ७ मधून २०१६ साली इअरफोनचा जॅक गेला आणि पाठोपाठ इतरांनीही तो काढला, ही खरी अडचण. तिच्यावर उपाय डोंगलचा, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या जागी लावून वायर जोडायच्या छोट्या जोडणीचा. ॲपलचा साधा नऊ डॉलरचा डोंगल मोजमापात अतिशय स्वच्छ आहे. काही अँड्रॉइड फोनांवर मात्र त्याचा आवाज कमी पडतो, म्हणून तिथे दुसरा बघावा.

पैसे कुठे घालावेत, हेही सांगायला हवं. सगळ्यांत आधी टिप्स, म्हणजे टोकाला बसवायच्या रबरी टोप्या. टोपी कानात घट्ट बसली नाही, हवेला फट राहिली, तर खालचा आवाज बूड फुटलेल्या घड्यातल्या पाण्यासारखा निघून जातो, आणि लोक म्हणतात, स्वस्त आहे म्हणून पातळ वाजतो. डबीत येणारे तिन्ही आकार दोन्ही कानांत वेगवेगळे लावून बघा. डाव्या आणि उजव्या कानाला एकच माप लागेल असं नाही. त्यानंतर फाइल. दहा हातांतून फिरलेली, पुन्हा पुन्हा दाबून बारीक केलेली एमपीथ्री कोणताही इअरफोन सुधारू शकत नाही. ॲपमध्ये आवाजाचा दर्जा सर्वांत वरचा निवडा.

चांगल्या बसणीचा आणखी एक फायदा पैशांत मोजता येणार नाही. बाहेरचा गोंगाट अडला की आवाज कमी ठेवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित, आणि ९० डेसिबलला अवघे ४ तास. लोकलच्या डब्यात फट राहिलेला इअरफोन घालून गाणं ऐकणारा मुलगा ही मर्यादा एका दिवसात ओलांडू शकतो, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

संगीत शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. तालमीचं ध्वनिमुद्रण विद्यार्थ्याला पाठवता तेव्हा तो ते कशावर ऐकतो, हे एकदा विचारा. त्याच्याकडे दणदणाट करणारे बड्स असतील तर वायरचा, सरळ जुळवणीचा, दोन हजारांपर्यंतचा इअरफोन घ्यायला सांगा, आणि याहून महाग घेतल्याशिवाय गाणं कळणार नाही असं त्याला कोणालाही सांगू देऊ नका. उरलेल्या पैशांत त्यानं मैफलीचं तिकीट काढावं.