सायलेन्सरच्या उष्णतेवर वीज : डिझेल खरंच वाचेल का?

नंदुरबार : सुरत-धुळे महामार्गावर विसरवाडी सोडून कोंडाईबारी घाट चढणाऱ्या ट्रकचे जवळपास एक तृतीयांश डिझेल गरम धुराच्या रूपाने वाया जाते. या उष्णतेपासून वीज तयार करता येईल का?

तंत्र काय आहे?
दोन वेगवेगळ्या धातूंच्या जोडाची एक बाजू गरम आणि दुसरी थंड ठेवली की वीज निर्माण होते. थॉमस सीबेक यांना हा परिणाम १८२१ मध्ये आढळला. १९७७ मध्ये सोडलेली व्हॉयेजर याने याच तत्त्वावर वीज मिळवतात. बीएमडब्ल्यू आणि फोर्डने मोटारींवर प्रयोगही केले.

अडचण कुठे?
बिस्मथ टेल्युराइडच्या पट्ट्या उष्णतेतील साधारण ५ टक्केच ऊर्जा विजेत बदलतात. म्हणजे डिझेलमधील १०० भाग ऊर्जेपैकी ३० भाग धुरात गेली आणि ती सगळी अडवली, तरी वीज मिळते दीड भाग. त्यातून अल्टरनेटरचा भार हलका होईल, ट्रक ओढला जाणार नाही. शिवाय पट्ट्या महाग, वजन जास्त आणि धुराच्या वाटेत अडथळा.

ट्रकमालकांनी काय लक्षात ठेवावे?
सायलेन्सरला किट बसवून निम्मे डिझेल वाचेल, असे कुणी सांगितले तर आधी हे गणित मांडून पाहावे.