वंशावळ वाचायची कोणी?

१

नांदेड-लातूर भागातील एखाद्या निवृत्त शिक्षकाने, वकिलाने वा पेशकाराने वीसतीस वर्षे खपून गावातील घराण्यांच्या वंशावळी जमवाव्यात. मोडी रुमाल सोडावेत, उर्दू कागद जाणकाराकडून वाचून घ्यावेत, पैठण-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या पाहून याव्यात. आणि या खटाटोपातून निर्माण झालेल्या लेखनाची मराठी समीक्षेने कोठेही दखल घेऊ नये, ही स्थिती आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी कोणाला प्रश्नही पडत नाही. इतिहासाचे प्राध्यापक या माणसाला 'हौशी' म्हणून बाजूला सारतात. साहित्याचे प्राध्यापक त्याचे लेखन आपल्या कक्षेतलेच मानीत नाहीत. २०२३ नंतर शासनयंत्रणेला मात्र अशा कागदांची निकड भासू लागली आहे. पण तिला त्यांतील एकच शब्द हवा आहे.

या तिन्ही वृत्ती वरवर भिन्न दिसल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे : वंशावळ म्हणजे नोंद. नोंद खरी असेल तर उपयोगाची, खोटी असेल तर टाकाऊ. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या विरुद्ध आहे. वंशावळ हा दावा असतो. दाव्याला वक्ता असतो, श्रोता असतो, प्रसंग असतो आणि प्रतिपक्षही असतो. ज्या लेखनाला हे चारही घटक आहेत त्याचे वाचन हे समीक्षेचे काम होय. आणि ते मराठी समीक्षेने टाळले आहे.

२

वतनी समाजात वंशावळी निव्वळ पूर्वजप्रेमापोटी सहसा लिहिल्या गेल्या नाहीत. देशमुखी, देशपांडेपण, पाटिलकी वा कुलकर्ण यांवरून भाऊबंदांत तंटा उभा राहिला, की वादी-प्रतिवादी आपापला 'करीना' गोतसभेपुढे किंवा सरकारात मांडीत. मूळपुरुष कोण, वतन कोणी दिले, थोरली शाखा कोणती, दुष्काळात वा धामधुमीत परागंदा कोण झाला आणि मागे वहिवाट कोणी केली, असा त्याचा कथनक्रम असे. एकच मूळपुरुष दोन करीन्यांत दोन निराळ्या कथांचा नायक होऊ शके. निवाड्याचा महजर होई. हरलेल्या पक्षाचा करीना घरातच राही आणि पुढच्या पिढीत पुन्हा बाहेर निघे.

वंशकथन आणि गमावलेली सत्ता यांचा संबंध पाहावयाचा तर मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण तंजावरचे आहे. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा विस्तृत मराठी इतिहास दुसऱ्या सरफोजींच्या काळी, १८०३ मध्ये कोरण्यात आला. त्याआधी चार वर्षे, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला होता. ज्या राजाकडे राज्य उरले नव्हते त्याने वंश दगडावर लिहवून घेतला. या शिलालेखातील तपशिलांचा खरेखोटेपणा इतिहासकार तपासतीलच. परंतु तो कोणाला उद्देशून आहे, त्यात शौर्याचे प्रसंग कोठे येतात, पराभव कसे सांगितले जातात आणि कथन कोठे थांबते, हे प्रश्न कथनमीमांसेचे आहेत.

हैदराबाद संस्थानात हाच व्यवहार दुसऱ्या भाषेत चालला. इनामदार वारला की विरासतीची चौकशी होई, वारसांचा शजरा दाखल होई, हक्क मान्य झाला की मुंतखब मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात संस्थानाच्या कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. त्यामुळे नांदेड, उदगीर वा निलंग्याच्या मराठी घराण्याची कथा घरात मोडीत राहिली आणि दरबारात उर्दूत गेली. या दोन कथनांमधील अंतर हाच येथील कौटुंबिक इतिहासाचा गाभा आहे. ते अंतर जर कोणी रोज अनुभवीत असेल, तर तो हा हौशी संशोधकच.

३

येथे आपल्या वसाहतोत्तर समीक्षेशी थेट वाद घालणे भाग आहे. एडवर्ड सैद यांचा 'ओरिएंटॅलिझम' १९७८ चा. रणजित गुहा यांनी सरकारी दस्तऐवज उलट्या अंगाने वाचण्याची पद्धत १९८३ मधील निबंधात सिद्ध केली. या विचारांनी आपल्या चर्चासत्रांना नवी परिभाषा दिली, हे मान्य. पण 'वसाहतकाल' हा शब्द उच्चारला की मराठी समीक्षकाच्या डोळ्यांपुढे मुंबई इलाखाच येतो : इंग्रजी शाळा, मिशनऱ्यांचा छापखाना, इनाम कमिशन, पुण्याची वृत्तपत्रे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामी अमलात राहिलेल्या पाच मराठी जिल्ह्यांचा वसाहतकाल या चित्रात बसत नाही. येथे इंग्रज होता तो रेसिडेंटच्या रूपाने. तहसिलात मात्र उर्दू, फसली साल आणि जहागीरदाराचा कारकून होता. दुहेरी अंमलाखालील समाजाची स्वतःविषयी बोलण्याची रीत कशी घडते, हा सिद्धान्ताच्या दृष्टीनेही मोलाचा प्रश्न आहे. तो विचारला जात नाही, कारण त्याची साधने इंग्रजीत नाहीत.

आमच्या विद्यापीठीय निबंधांत फूकोची 'वंशावळी' ही संकल्पना वारंवार येते. उगमाच्या शोधाला तिने दिलेले आव्हान सर्वांना पाठ आहे. पण शेजारच्या गल्लीत एक माणूस कागदाच्या ढिगाऱ्यात बसून, उगम सापडत नाही हे पदोपदी अनुभवीत आहे, त्याच्या वहीकडे पाहण्याची गरज या अभ्यासकांना वाटत नाही. देशीवाद्यांनीही येथे निराळे काही केले नाही. देशी परंपरेत ओवी, कीर्तन, लीळाचरित्र आले. करीना आणि वंशावळ मात्र बाहेरच राहिली.

'हौशी' या विशेषणाविषयीही बोलले पाहिजे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली ती विद्यापीठाच्या आधाराने नव्हे. निलंग्यात १९१० मध्ये जन्मलेले सेतु माधवराव पगडी यांची हयात प्रशासनात गेली, आणि फारसी-उर्दू साधनांचे दार मराठी वाचकाला त्यांनी उघडून दिले. मराठीतील इतिहासविद्येची पायाभरणी ज्यांनी केली त्यांच्यापैकी अनेकजण याच अर्थाने हौशी होते. तेव्हा हे विशेषण तुच्छतेने वापरण्यापूर्वी आपण कोणाच्या खांद्यावर उभे आहोत हे पाहिलेले बरे.

४

याचा अर्थ या लेखनाचा गौरव करावा असा नाही. त्याच्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप खरा आहे : वंशावळकार आपल्या घराण्याचे, पर्यायाने आपल्या जातीचे, माहात्म्य गातो. मुद्रित कुलवृत्तान्तांत हे विशेष दिसते. विसाव्या शतकात पुणे-मुंबईकडे, मुख्यतः कोकणस्थ घराण्यांतून, जे कुलवृत्तान्त छापले गेले त्यांनी या प्रकाराला एक साचा दिला. शाखा, पिढी, शिक्षण, नोकरी, मानमरातब. व्यसनी, वेडसर, पळून गेलेला, जातीबाहेर लग्न केलेला यांना त्यात जागा सापडणे कठीण. मुली दुसऱ्या कुळात जातात म्हणून संपतात. विधवेला मात्र दत्तविधानाच्या वेळी एकदम नाव प्राप्त होते, कारण तेथे वतनाचा प्रश्न असतो.

परंतु हा आक्षेप ते लेखन न वाचण्याचे कारण होऊ शकत नाही. तो ते कसे वाचावे याची दिशा दाखवितो. शिवाय छापील ग्रंथ आणि त्यामागची टिपणे यांत भेद केला पाहिजे. टिपणांत खाडाखोड असते. आजोबा-नातवाचे नाव एकच असल्याने दोन पिढ्यांची झालेली सरमिसळ असते. फसली सालात ५९० मिळवावेत की ५९१ याचा हिशेब समासात केलेला असतो. चार पिढ्यांना अडीचशे वर्षे पडत असतील तर मधला कोणीतरी गळला आहे, ही शंका असते. उर्दूत ळ आणि ण नाहीत, ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि शिकस्ता लेखनात नुक्तेही गळतात. तेव्हा एका आडनावाची तीन वाचने पुढे येतात आणि तिन्ही टिपून ठेवलेली असतात. औरस पिता व दत्तक पिता यांच्या दोन रेघा एकाच नावाकडे येतात. छापताना हे सारे पुसले जाते. म्हणून समीक्षकाला छापील कुलवृत्तान्तापेक्षा ही बाडे अधिक मोलाची वाटली पाहिजेत. संहिता घडताना काय वगळले गेले, हे त्यांत दिसते.

आणि ज्यांच्याजवळ बाडच नाही त्यांचे काय? लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) ही या भागातील सर्वपरिचित कौटुंबिक कहाणी आहे, आणि ती कुलवृत्तान्ताच्या साच्याची उलटी बाजू आहे. कायद्याने गुन्हेगार ठरविलेल्या जमातीचा कागदाशी संबंध आला तो पोलिसांच्या हजेरीतून. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) तर पित्याचे नाव हाच संघर्ष आहे. दलित व भटक्यांच्या आत्मकथनांवर आपण चार दशके लिहीत आलो. पण ती आत्मकथने ज्या वंशलेखनाच्या सत्तेला उत्तर देत होती ते वंशलेखनच आपण वाचले नाही. उत्तर वाचले, प्रश्न वाचला नाही. अशी समीक्षा अर्धीच राहणार.

५

समीक्षेने सोडलेली जागा रिकामी राहत नाही. ती आता दाखल्याच्या खिडकीने व्यापली आहे. जातपडताळणीत वंशावळ शपथपत्रासह जोडावी लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीच्या कागदाला वजन. २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियर आधारभूत मानून गावपातळीवर चौकशी समित्या योजिल्या.

आरक्षण कोणास असावे हा या लेखाचा विषय नाही. ज्याच्या मुलाचा प्रवेश वा नोकरी त्या एका शब्दावर अवलंबून आहे त्याने तो शब्द शोधावा, यात गैर काही नाही. प्रश्न वाचनाच्या रीतीचा आहे. गॅझेटियरमध्ये जातींच्या संख्या असतात. माणसांची नावे नसतात. संख्येकडून माणसाकडे जाणारा पूल वंशकथनाचाच असतो, आणि कथन आले की दावा आला. ज्या कारकुनाने 'कुणबी' लिहिले त्याने तो शब्द जात म्हणून लिहिला की शेती कसणारा म्हणून? सांगणारा कोण होता, लिहिणाऱ्याची भाषा कोणती होती? या प्रश्नांना रकाना नसतो. एका शब्दासाठी रुमाल सोडला जातो, त्या पानाची प्रत घेतली जाते, उरलेले शंभर कागद पुन्हा बासनात जातात. त्या शंभर कागदांत कर्जे आहेत, भांडणे आहेत, विधवांचे अर्ज आहेत, कुळांची नावे आहेत.

६

कागद वाट पाहत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माती-दगडांची घरे कोसळली आणि हजारो माणसे गेली. त्या घरांतील कडीपेट्यांचा हिशेब कोण ठेवणार? उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके पूर्वी बिदर जिल्ह्यात होते, किनवट आदिलाबादेत होते; म्हणजे या घराण्यांचे दप्तर आज तीन राज्यांत विखुरले आहे. त्याची जोडणी करणारा माणूस वृद्ध आहे. त्याच्या पश्चात त्याची बाडे घरच्यांना अडगळ वाटली तर दोष घरच्यांना देता येणार नाही. आपणही त्यांना अडगळच मानले आहे.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून उभे आहे, लातुरात त्याचा उपपरिसर आहे. अशा संस्थेकडून तीन गोष्टींची अपेक्षा करणे अवाजवी नाही. ही टिपणे छापील ग्रंथांसाठी गाळून न घेता, खाडाखोडीसह जतन व्हावीत. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला मोडी, आणि इच्छा असल्यास उर्दू, साहित्यसंशोधनाचा भाग म्हणून शिकता यावी. आणि करीना, शजरा, कुलवृत्तान्त व आत्मकथन एकाच अभ्यासपत्रिकेत शेजारी ठेवून शिकविले जावेत. वतनदाराच्या दाव्याशेजारी 'उचल्या' ठेवला की दोन्ही संहिता बोलू लागतील.

हे होत नाही तोवर आपल्या गावचा इतिहास दोघेचजण वाचीत राहतील : वंशाचा अभिमानी आणि दाखल्याचा कारकून. दोघांनाही हवे तेवढेच दिसते. न दिसणारे वाचण्याची विद्या आपल्याजवळ आहे, असे समीक्षक म्हणवतात. ती विद्या सिद्ध करण्याची कसोटी दूर नाही. ती कोनाड्यातल्या रुमालात बांधून ठेवलेली आहे.